बाळाचा पाळणा

मुलांनो, 'पाळणा' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत आपण 'पालना' म्हणतो. पालना म्हणजे लहानाचे मोठे करणे आणि पालना म्हणजे बाळाचा झुलाही. मराठीतही तसेच आहे. 'पाळणे' आणि 'पाळणा' हे एकाच घरचे शब्द. एखाद्या घरी मूल जन्मले की 'त्यांच्याकडे पाळणा हलला' असे म्हणतात. बाळाला निजवताना गातात त्या गाण्याचे नावही पाळणाच. आई कामावर गेली की मुले जेथे सांभाळली जातात ते पाळणाघर, आणि उरुसात किंवा जत्रेत तुम्ही ज्यात बसून ओरडता तो आकाशपाळणा! एका वस्तूने भाषेला इतके शब्द दिले. पण ती वस्तू घेताना मात्र आपण फारसे पाहत नाही. रंग छान, घुंगरू छान, भाव ठीक, झाले! या पाठात आपण पाळण्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहू.

मी हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूर येथे शिकवते. कळमनुरी तालुक्यातील, हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आसपास कापूस, सोयाबीन आणि हळदीची शेती. हळद काढणीच्या दिवसांत शिवारातून चालत गेलात, तर लिंबाच्या किंवा बाभळीच्या फांदीला जुन्या साडीची झोळी बांधलेली दिसते. आत बाळ झोपलेले असते आणि आई हाकेच्या अंतरावर काम करत असते. अनेक घरांतही छताच्या कडीला अशी झोळी असते. झोळीला पैसा लागत नाही. सुती कापडातून वारा खेळतो. जमिनीपासून उंच असल्यामुळे मुंग्या आणि विंचू बाळापर्यंत सहज पोचत नाहीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याची किंमत मोठी आहे. म्हणून झोळीला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही.

पण झोळीत बाळ कसे झोपते ते कधी नीट पाहिले आहे का? तळ सपाट नसतो. बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड असते, मान कमजोर असते, आणि श्वासनलिका मऊ व अरुंद असते. मान पुढे वाकली की ही नळी दबू शकते. मोठा माणूस असता तर त्याने मान सरळ केली असती; तान्ह्या बाळाला ते जमत नाही, आणि श्वास कोंडला तरी ते मोठ्याने रडेलच असे नाही. म्हणून झोळी बांधताना दोन्ही टोकांच्या मध्ये आडवी काठी घालून कापड पसरट ठेवावे. बाळाच्या हनुवटीखाली दोन बोटे जातील एवढी जागा हवी. कापडाने बाळाचे नाक-तोंड झाकले जाऊ नये. झोळीतले बाळ सतत कोणाच्या तरी डोळ्यांसमोर हवे. रात्री सगळे झोपल्यावर बाळाला झोळीत ठेवू नये.

झोळीचा आणखी एक धोका आहे, आणि तो बाळाला नाही. तो तुम्हांला आहे! बाळ उचलले की रिकामी झोळी मोठ्या मुलांना खुणावते. कोणी तिच्यात बसते, कोणी तिला पीळ देऊन गरगर फिरते. अशा वेळी कापड मानेभोवती आवळू शकते. भारतातील डॉक्टरांनी अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवल्या आहेत. त्यांत दगावलेली मुले पाळण्याच्या वयाची नव्हती, शाळेत जाणारी होती. बाळ उचलल्याबरोबर झोळी वर गुंडाळून बांधून ठेवा, आणि हे काम घरातल्या मोठ्या मुलानेच आपल्याकडे घ्यावे.

आता लाकडी पाळण्याकडे येऊ. पुष्कळ घरी पहिल्या नातवंडाचा पाळणा नानीकडून येतो. समजा, तुमचे मामू पाळणा करून घ्यायला सुताराकडे निघाले आहेत आणि तुम्हीही बरोबर आहात. मामू लाकूड पाहतील, भाव करतील. तुम्ही कंपासपेटीतली पट्टी बरोबर घ्या आणि दोन दांड्यांमधली फट मोजा. पाळण्यात पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट ही फटच आहे.

फट का मोजायची? मोठ्या माणसाचे डोके खांद्यांपेक्षा लहान असते. डोके गेले तरी अंग अडते. नवजात बाळाचे उलटे असते. त्याच्या डोक्याची रुंदी साधारण नऊ-दहा सेंटीमीटर असते, पण कंबर त्यापेक्षा बारीक आणि लवचीक असते. बाळ सरकत सरकत कडेला येते. त्याचे पाय फटीतून बाहेर जातात, मग कंबर जाते, मग छाती; आणि डोके आतच अडकते. अंग बाहेर लोंबते, भार मानेवर येतो. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पाय पाळण्यातच दिसले पाहिजेत. बाहेर दिसू लागले तर धावत जावे!

अशा अपघातांवरूनच अमेरिकेत १९७३ साली बाळांच्या खाटांसाठी नियम झाला. दोन दांड्यांमधली फट सुमारे ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, असे त्यात ठरले. ६ सेंटीमीटरच्या फटीतून नवजात बाळाची कंबर जात नाही. तुमच्या पट्टीवर ६ चा आकडा आहेच. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही.

आता सुताराचे गणित पाहा. पाळण्याची बाजू ९० सेंटीमीटर लांब आहे आणि दांडे अडीच सेंटीमीटर जाडीचे आहेत. सुताराने सात दांडे बसवले, तर दांड्यांनी साडेसतरा सेंटीमीटर जागा घेतली. उरलेल्या साडेबहात्तर सेंटीमीटरच्या आठ फटी झाल्या. एक फट नऊ सेंटीमीटरची! अंग जाईल, डोके अडेल, अशी. तेच दहा दांडे बसवले, तर अकरा फटी होतात आणि प्रत्येक फट सहा सेंटीमीटरच्या आत येते. म्हणजे एका बाजूला फक्त तीन दांड्यांचा फरक. म्हणून नम्रपणे म्हणावे, "मिस्त्री, दांडे जरा जवळ जवळ बसवा, सहा सेंटीमीटरच्या वर फट नको." मिस्त्री म्हणतील, "लाकूड वाढेल, पैसेही वाढतील." वाढू द्यावेत. मोरांच्या नक्षीचे पैसे कमी करावेत, दांड्यांचे करू नयेत.

दुसरी फट गादीभोवती असते. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहिली, तर बाळाचे तोंड तेथे रुतू शकते. पाळण्याच्या मापाचीच गादी शिवून घ्यावी. ती पातळ आणि घट्ट असावी. हाताने दाबली तर खड्डा पडून तसाच राहू नये.

लाकूड कोणते असावे? सागवान उत्तम. ते फारसे आकसत नाही आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही. नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या जंगलातला साग आपल्या भागात प्रसिद्ध आहे. पण साग महाग असतो, आणि चांगले वाळलेले लिंबाचे किंवा बाभळीचे लाकूडही वाईट नाही. ओले लाकूड मात्र घेऊ नये. ते नंतर आकसते, सांधे ढिले होतात आणि आज सहा सेंटीमीटर असलेली फट उद्या तेवढी राहत नाही. सांधा खाच पाडून बसवलेला असावा, नुसत्या खिळ्यांवर नसावा. प्रत्येक दांडा हाताने धरून फिरवून पाहा. फिरला, तर तो उद्या निघेल. मग सगळ्या कडांवरून तळहात हळूच फिरवा. कुसळ टोचले, तर पुन्हा काचकागद मारायला सांगा. आजकाल लोखंडी नळ्यांचे पाळणेही सर्वत्र मिळतात. त्यांत वेल्डिंगचे टोकदार कण राहतात आणि नळ्यांची तोंडे उघडी असतात. पाय अरुंद असतील, तर मोठ्या भावंडाने नुसते लोंबकळले तरी पाळणा आडवा होतो. घेण्याआधी कठड्यावर हाताने जोर देऊन पाहावे.

पाळणा थांबला की त्याचा तळ सपाट राहिला पाहिजे. तपासायला एक लिंबू पुरे. रिकाम्या पाळण्याच्या तळावर मधोमध लिंबू ठेवा. ते एका बाजूला गडगडत गेले, तर बाळही रात्रभर त्याच बाजूला सरकत जाईल. दोऱ्या कमीजास्त करून पाळणा समपातळीत आणावा. दोरी झिजते ती मध्ये नाही, कडीजवळ. म्हणून दर आठवड्याला तेथे पाहावे. झोका फार मोठा देऊ नये. पाळणा उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत नेऊन सोडला, तर खाली येताना दोरीवरचा ताण स्थिर पाळण्याच्या दुप्पट होतो. हे तुम्ही पुढे विज्ञानात शिकाल. बाळाला झोप यायला अगदी छोटा झोका पुरतो. मोठा झोका देण्याची हौस आपली असते, बाळाची नसते.

जुन्या रंगीत पाळण्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे आपल्या भावना गुंतलेल्या असतात. अम्मी ज्या पाळण्यात झोपली त्याच पाळण्यात बाळाने झोपावे, असे नानीला वाटते. त्यात वावगे काही नाही. पण पूर्वीच्या पिवळ्या, लाल, हिरव्या तेलरंगांत पुष्कळदा शिसे असे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे नव्वद भाग, त्यापेक्षा जास्त नाही. त्याआधीचा रंग कसा आहे हे नुसते पाहून कळत नाही. बाळाला दात येऊ लागले की ते कठडा चावते. रंगाचे पापुद्रे पोटात जातात आणि शिसे मेंदूच्या वाढीला अपाय करते. असा रंग घरी खरवडूही नये. त्याची धूळ अधिक वाईट. तो पाळणा आठवण म्हणून जपून ठेवावा. नव्या पाळण्याला रंगच लावला नाही तरी चालते. चांगला घासून कच्च्या जवसाच्या तेलाचा हात दिला आणि पुरते वाळू दिले की लाकूड सुरेख दिसते.

पाळण्यात काय घालावे, यापेक्षा काय घालू नये हे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात. पहिल्या वर्षी कोणतीच उशी नको. जाड गोधडी, मऊ खेळणी, कठड्याला बांधायच्या फुगीर गाद्या हेही नको. शहरातील दुकानांत अशा गाद्या फार आकर्षक दिसतात. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून त्यांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली, कारण बाळाचे तोंड त्यांत रुतते. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत झोपवताना काढून ठेवावा; दोरा कठड्याला अडकू शकतो. पाळण्यावर टांगलेले चिमणाळे बाळाच्या हाताला लागू नये.

बाळाला पाठीवर झोपवावे, पोटावर नाही. ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये १९९१ साली व अमेरिकेत १९९४ साली घरोघरी हे सांगण्याची मोहीम सुरू झाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत तेथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या सुमारे निम्म्याने, काही ठिकाणी त्याहूनही जास्त घटली. त्यासाठी कोणतेही औषध लागले नाही. फक्त बाळाची कूस बदलली.

शहरात चार पायांची, उंच कठड्याची खाट मिळते. दुकानदार तिला 'बेबी कॉट' म्हणतात. तिलाही हेच सर्व नियम लागू आहेत. एक गोष्ट मात्र अधिक पाहावी. काही खाटांची एक बाजू वर-खाली सरकते. बाळ उचलायला ते सोयीचे वाटते. पण खटका झिजला की ती बाजू निसटते आणि मध्ये फट पडते. अमेरिकेत जून २०११ पासून अशा खाटा विकायला बंदी आहे. बाजू पक्की असलेलीच खाट घ्यावी.

आणि पाळणा किती दिवस वापरायचा? वर्ष मोजू नका, बाळाकडे पाहा. साधारण चार ते सहा महिन्यांत ते कुशीवर वळू लागते, हातांवर जोर देऊन छाती उचलते. टांगत्या पाळण्याचा कठडा बुटका असतो. बाळाने असा जोर लावला की पाळण्याचे काम संपले. त्या दिवसापासून उंच कठड्याची खाट किंवा जमिनीवर अंथरलेली पातळ, घट्ट गादी बरी. जमिनीवरून पडायला जागाच नसते.

स्वाध्याय

१. झोळीचे कोणते फायदे पाठात सांगितले आहेत? झोळी बांधताना कोणती काळजी घ्यावी?
२. नवजात बाळाचे अंग फटीतून जाते, पण डोके का अडकते? आपल्या शब्दांत लिहा.
३. पाळण्याची बाजू ८० सेंटीमीटर लांब आहे. दांडे २ सेंटीमीटर जाडीचे आहेत. नऊ दांडे बसवले, तर एक फट किती होईल? ती चालेल का?
४. 'पाळणा' हा शब्द असलेले चार शब्द किंवा वाक्प्रचार पाठातून शोधून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. पुढील शब्दांसाठी उर्दू शब्द लिहा : फट, कठडा, शिसे, श्वासनलिका, वाळवी.
६. तुमच्या घरी किंवा शेजारी पाळणा असेल, तर मोठ्यांची परवानगी घेऊन त्याची प्रत्येक फट मोजा आणि वहीत तक्ता करा. सहा सेंटीमीटरपेक्षा मोठी फट आढळली, तर ती घरच्यांना त्याच दिवशी दाखवा.