आपल्या घराला कठडा आहे का?



पवित्र शास्त्रात ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २२व्या अध्यायातील ८वे वचन घर बांधणाऱ्यासाठी आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी वरून पडल्यास त्याचा दोष तुझ्या घराला लागेल, असा त्याचा आशय आहे. ही आज्ञा आपल्या खानदेशातील जुन्या माणसांना समजावून सांगावी लागत नाही. ज्यांचे बालपण धाब्याच्या घरात गेले, त्यांना उन्हाळ्यात वर अंथरुणे टाकून झोपणे आठवत असेल. इस्राएल लोकांची घरेही अशीच सपाट धाब्याची होती.

ही आज्ञा धाब्यावर चालणाऱ्याला ‘जपून चाल’ असे सांगत नाही. ती घरधन्याला, कोणी पडण्याच्या आधीच, कठडा बांधायला सांगते. आपण मात्र घरातील म्हाताऱ्या आईला रोज ‘जपून चाल’ म्हणतो आणि ओली मोरी तशीच ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. त्यांत साठी ओलांडलेल्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. म्हणून आज आपण आपल्याच घरातून एक फेरी मारू या.

ओटा आणि उंबरा

धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत आणि जळगावकडील खेड्यांत ओटे उंच असतात. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढाला बारा फूट लांब उतार लागतो, असा नियम आहे. म्हणजे दोन फुटी ओट्याला चोवीस फूट! एवढी जागा गल्लीत कोठून येणार? घाईने केलेला आखूड, खडा उतार पायऱ्यांपेक्षाही धोक्याचा. त्यापेक्षा सहा इंचांहून कमी उंचीच्या, पूर्ण पाऊल मावेल अशा रुंद पायऱ्या करून घ्याव्यात. त्यांच्या कडांना पिवळा रंग द्यावा आणि बाजूला धरायला पाइप लावावा. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. तेथे पाइप जमिनीत काँक्रीटमध्ये रोवावा. हलणारा आधार नसलेल्या आधाराहून वाईट, कारण माणूस त्याच्यावर विश्वासाने भार टाकतो. उंबरा काढता येत नसेल तर त्यालाही उठून दिसेल असा रंग द्यावा.

मोरी आणि संडास

मोरीतील शहाबादी फरशी शेवाळाने निसरडी होते. ती दर आठवड्याला घासावी. पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येते, म्हणून आपण ड्रम आणि हंडे भरून ठेवतो. ते येण्याजाण्याच्या वाटेवर नसावेत. अंघोळीला हलक्या प्लॅस्टिकच्या स्टुलाऐवजी रुंद पायांची खुर्ची बरी. बसक्या संडासावर ठेवायची, मधे भोक असलेली खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते. संडासाचे दार शक्यतो बाहेर उघडावे. आतले माणूस दारालाच टेकून पडले, तर आत ढकलायचे दार उघडत नाही.

रात्र आणि उन्हाळा

खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर झीरोचा बल्ब असावा. वीज जाते, म्हणून उशाशी टॉर्चही हवी. बाजेची नवार सैल पडली असेल तर ताणून घ्यावी, कारण खोलगट बाजेवरून म्हाताऱ्या माणसाला उठवत नाही. पायाखालची गोधडी आणि सरकणारे पायपुसणे उचलावे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि घरोघरी कूलर लागतात. त्याची वायर वाटेत नको, गळणारे पाणी लादीवर नको. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. संडास अंगणापलीकडे असला, तर रात्री उठावे लागू नये म्हणून आजी संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. भर उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकते. खाटेजवळ ठेवलेली कमोडची खुर्ची अशा वेळी औषधाइतकीच मोलाची ठरते.

विचारून करावे

हे सारे करताना ज्येष्ठांना बाजूला सारून करू नये. “माले काय व्हयनं?” असे ते म्हणतील. त्यामागे पुष्कळदा मुलाचा खर्च वाचवण्याची धडपड असते, आणि आपण ओझे झालो ही बोचही असते. म्हणून त्यांच्यासोबत घरभर फिरावे आणि “कुठे हात टेकावा लागतो?” एवढेच विचारावे. भिंतीवर जिथे हाताचा डाग पडला आहे, तिथेच आधाराचा दांडा हवा. त्यांची रोजची वस्तू त्यांना न विचारता हलवू नये.

गरजू ज्येष्ठांना काठी, वॉकर, कमोडची खुर्ची अशी साधने देण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. तिची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर, खाटेवरून दिसतील असे लावावेत.

आपल्या धर्मग्रामात गवंडी, सुतार, वायरमन आहेत, आणि एकटे राहणारे वृद्धही आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा आणि ज्येष्ठांचा जागतिक दिन ठरवला. त्या दिवशी आपण ज्येष्ठांना फुले देतो. यंदा त्याआधी एकेका घरी एक दांडा बसवून देऊ या का?

घरी बसून विचार करा

१. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती गेल्या वर्षभरात कोठे घसरली किंवा अडखळली? आपण तिला विचारले होते का?

२. ती कोणती गोष्ट भीतीमुळे टाळते? अंघोळ, पाणी पिणे, की मिस्साला येणे?

३. पुढच्या रविवारपर्यंत आपण कोणता एक कठडा बांधणार आहोत?