बाळाची गोधडी

नऊवारी लुगडे अंगावर विरले, तरी त्याचे आयुष्य संपत नसे. फाटलेला भाग कापून टाकावयाचा, उरलेला धुऊन उन्हात वाळवावयाचा आणि बोचक्यात बांधून माळ्यावर ठेवावयाचा, अशी महाराष्ट्रातील घरोघरची रीत होती. वडीलमंडळींची धोतरे, मुलांचे सदरे, खणाच्या चोळ्यांचे तुकडे हेही त्याच बोचक्यात जात. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, की बोचके खाली येई आणि गोधडीला प्रारंभ होई. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात.

गोधडी शिवणे दिसते तितके सोपे नाही. प्रथम ओसरीवर अस्तर अंथरतात. त्यावर जुन्या कापडाचे थर एकावर एक घालून, सुरकुती राहू नये म्हणून ते हाताने सारखे करतात आणि कोपऱ्यांवर तांब्या किंवा वरवंटा ठेवतात. सर्वांत वर रंगीत तुकडे मांडावयाचे. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग शोभेल, हे तेथे कोणी कागदावर काढून पाहत नाही. मांडता मांडताच ते ठरते. मग काठापासून आरंभ करून फेऱ्या घालीत धावदोरा मध्याकडे नेतात. प्रत्येक टाका सर्व थरांतून आरपार गेला पाहिजे. वरवरचे टाके घालणारीचे पितळ पहिल्या धुण्यातच उघडे पडते. आतील कापड सरकून त्याचा गोळा होतो.

या थरांमध्ये हवा कोंडून राहते. हवेतून उष्णता फार मंद वाहते; म्हणून एका जाड कापडापेक्षा अनेक पातळ थरांची गोधडी अधिक ऊबदार असते.

चिंध्या जोडून पांघरूण करण्याची ही कला केवळ महाराष्ट्राची नव्हे. संस्कृतात अशा वस्त्रास कन्था म्हणतात आणि बंगालमधील काँथा प्रसिद्धच आहे. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या स्त्रिया कवंदी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) चिंध्यांचेच वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव हिंडत. त्यामुळे पुष्कळ लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत.

बाळाच्या गोधडीची गोष्ट मात्र काहीशी निराळी आहे. तिच्यासाठी थर थोडे आणि कापड अतिशय मऊ लागते. नव्या कापडाला खळ असते व ते नाजूक कातडीला बोचते. अनेक धुण्यांनी मऊ झालेल्या सुती लुगड्याची सर त्याला येत नाही. दोऱ्याच्या गाठी आतील थरांत दडवाव्या लागतात. जरीचा पदर कितीही सुंदर असला तरी तो वगळावा लागतो, कारण जर अंगाला खरचटते. बारशाच्या वेळी नातलग बाळंतविडा आणतात. त्यात झबले, टोपडे, दुपटे, कुंची असे सारे असते. हाताने शिवलेल्या झबल्याला गुंड्यांऐवजी बंद लावण्याची रीत आहे. त्याचेही कारण हेच, की निजलेल्या बाळाला काही रुतू नये.

या सर्वांत अवघड क्षण असतो तो कात्री चालविण्याचा. घरातील आजी निवर्तली आणि तिची लुगडी पेटीत राहिली, तर त्यांना हात लावण्यास लेकीचे मन धजत नाही. घडी उलगडून ती पुन्हा तशीच ठेवली जाते. परंतु पेटीतील कापड तरी कोठे टिकते? त्याला कसर लागते आणि ते घडीवरच फाटू लागते. अखेर नात बाळंतपणाला आली, की बहुधा तिची आईच एके दिवशी दुपारी ती पेटी उघडते. ज्या पणजीला बाळाने कधी पाहिले नाही, तिचेच लुगडे त्याच्या अंगाखाली येते. सुती काठ मात्र कापीत नाहीत. तो गोधडीच्या कडेने सबंध लावतात, म्हणजे ते लुगडे कोणाचे होते हे घरच्यांना पाहताक्षणीच ओळखता येते.