औषधाच्या दुकानात

घरात कोणी आजारी पडले, की औषध आणायला बहुधा तुम्हांलाच पाठवतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पैसे घेऊन तुम्ही कोपऱ्यावरच्या 'मेडिकल'मध्ये जाता. 'दवा' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठीतही 'दवाखाना' म्हणतात. पण तिथे डॉक्टर रुग्णाला तपासतात. औषधे विकत मिळतात, ते औषधाचे दुकान.

औषधे ही किराणा मालासारखी कोणालाही विकता येत नाहीत. त्यासाठी औषधनिर्माणशास्त्र शिकावे लागते आणि १९४८ च्या कायद्याप्रमाणे आपले नाव नोंदवावे लागते. अशा व्यक्तीला फार्मासिस्ट म्हणतात.

समजा, एक मुलगी दुकानात येते आणि म्हणते, "काका, अब्बांना ताप आला आहे. मागच्या महिन्यात दिल्या होत्या, त्याच गोळ्या द्या."

"चिठ्ठी कुठे आहे, बेटा?"

"चिठ्ठी नाही. डॉक्टरांकडे गेले, की फी द्यावी लागते."

"खरे आहे. पण या गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. अब्बांना सरकारी दवाखान्यात घेऊन जा. तिथे खर्च कमी येतो."

मुलीला राग येतो. काकांचेही गिऱ्हाईक जाते. मग त्यांनी नकार का दिला?

त्या गोळ्या प्रतिजैविकाच्या होत्या. प्रतिजैविके जिवाणूंना मारतात. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर ती चालत नाहीत. प्रत्येक ताप सारखा नसतो. कारण नसताना ही औषधे पुन्हा पुन्हा घेतली, तर जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. मग खरी गरज पडते, तेव्हा तेच औषध निकामी ठरते. म्हणून १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण तीत लिहितात. गोळ्यांच्या पट्टीवर उभी तांबडी रेघ दिसली, तर समजा, की हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.

दुकानातून निघण्यापूर्वी चार गोष्टी पाहा. पट्टीवरचे नाव चिठ्ठीशी जुळते का? मुदत संपली नाही ना? मुदतीत नुसता महिना व वर्ष छापले असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले नाहीत ना? आणि पावती मिळाली का? गोळ्या सुट्या घेताना मुदत छापलेला भाग कापला जात नाही, हेही पाहा.

गोळी केव्हा घ्यायची, जेवणाआधी की जेवणानंतर, हे फार्मासिस्टला विचारायला लाजू नका. घरी दादींना किंवा नानींना कदाचित ही अक्षरे वाचता येत नसतील. त्यांच्यासाठी ती तुम्ही वाचा आणि त्यांच्या भाषेत नीट समजावून सांगा. तुमचे शिक्षण असे घरच्यांच्या उपयोगी पडते.

शब्दार्थ : गिऱ्हाईक – ग्राहक. दाद न देणे – परिणाम होऊ न देणे. निकामी – निरुपयोगी. मुदत – ठरलेला काळ.

प्रश्न
१. काकांनी गोळ्या देण्यास नकार का दिला?
२. औषध घेताना कोणत्या चार गोष्टी पाहाव्यात?
३. घरातील एका औषधाची पट्टी पाहून त्याची मुदत वहीत लिहा.