कंपनीचा क्लच किती टिकतो?

गॅरेजमध्ये गाडी घेऊन आलेले गिऱ्हाईक असो की सेकंडहँड गाडीच्या व्यवहाराला बसलेला दलाल असो, क्लचचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो : कंपनीने बसविलेला क्लच किती किलोमीटर जातो? साध्या गाडीच्या बाबतीत ढोबळ उत्तर देता येते. हात चांगला असेल तर तो एक लाख किलोमीटर जातो आणि पुष्कळदा त्याहून जास्तही. स्पोर्ट्स कार मात्र या हिशेबात बसत नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीचा क्लच लाखावर शाबूत असतो, तर दुसरीचा वीस हजारांतच जळालेला असतो. दुसऱ्या गाडीचा मालक म्हणतो, माल खराब होता, वॉरंटीत बदलून द्या. पण बहुतेक कंपन्या क्लच प्लेटची झीज वॉरंटीत धरीत नाहीत. गिअरबॉक्स उतरवून पाहिल्यावर फ्लायव्हीलवर निळे डाग दिसले की दावा फेटाळला जातो आणि सगळे बिल मालकाच्या अंगावर येते. मधल्या मध्ये बोलणी खातो तो मिस्त्री. तेव्हा क्लच नेमका कशाने संपतो, हे हिशेबानिशी सांगता आले पाहिजे.

क्लच म्हणजे इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील, त्यावर दाबून बसलेली प्रेशर प्लेट आणि दोहोंच्या मध्ये लायनिंग लावलेली क्लच प्लेट. पेडल पूर्ण सोडलेले असते तेव्हा तिन्ही एकजीव होऊन फिरतात. त्या वेळी गाडी ताशी दोनशेने पळत असली तरी लायनिंगची झीज होत नाही. झीज होते ती फक्त घसरताना, म्हणजे फ्लायव्हील एका वेगाने आणि प्लेट दुसऱ्या वेगाने फिरत असताना. नव्या प्लेटमध्ये रिव्हेटची डोकी लायनिंगच्या साधारण एक ते दीड मिलीमीटर खाली असतात. आपण जिला क्लचचे आयुष्य म्हणतो ती सारी पुंजी एवढीच.

उदाहरणाला होंडाची एस २००० ही गाडी घेऊ. १९९९ साली ती जपानमध्ये बाजारात आली. इंजिन दोन लिटरचे, ताकद ८३०० फेऱ्यांना २५० अश्वशक्ती, आणि इंजिन ९००० फेऱ्यांपर्यंत जाणारे. गिअरबॉक्स सहा गिअरचा, हाताने बदलायचा. या इंजिनाला खालच्या फेऱ्यांत फारसा जोर नाही. तो खरा जागा होतो सहा हजारांच्या आसपास. त्यामुळे सिग्नलवरून झेप घ्यायची हौस असलेला माणूस ॲक्सिलरेटर दाबून इंजिन सहा हजारांवर नेतो आणि मग क्लच सोडतो.

आता हिशेब पाहा. चालकासह गाडीचे वजन १३५० किलो धरू. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या ६००० फेऱ्या म्हणजे गाडीचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या थोडा वर. तेवढा वेग येईपर्यंत क्लच घसरतच राहतो. उभ्या गाडीला वेग देण्यात जेवढी ऊर्जा जाते, साधारण तेवढीच उष्णता क्लचमध्ये पडते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. ती इथे सुमारे ११० किलोज्यूल भरते. तीच गाडी १५०० फेऱ्यांवर सावकाश उचलली, तर भरते सात किलोज्यूल. फेऱ्या चौपट झाल्या की उष्णता चौपट न होता सोळापट होते. म्हणजे एक दांडगी झेप ही सोळा शांत सुरुवातींच्या बरोबरीची. आणि हे नुसत्या उष्णतेचे झाले. लायनिंग तापली की झीज आणखी वेगाने होते, हे वेगळेच.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून दहा किलो लोखंड धरले, तर ११० किलोज्यूलमध्ये ते सरासरी वीस-बावीस अंशांनी तापते. एवढ्याने काही बिघडत नाही. पण मित्रांना दाखविण्यासाठी पाठोपाठ दहा वेळा झेप घेतली की दोनशे अंश चढतात. हा आकडा सरासरीचा झाला. घासणाऱ्या पृष्ठभागावर त्याहून कितीतरी जास्त होतात. घंटीच्या आकाराच्या बंद घरात वारा फारसा खेळत नाही, त्यामुळे मधल्या मिनिटा-दोन मिनिटांत हे लोखंड निवत नाही. लायनिंगमधली राळ जळू लागते, तोच तो ओळखीचा वास. एका संध्याकाळी नवा क्लच संपविता येतो, तो असा.

याउलट शर्यतीच्या ट्रॅकवर क्लच लवकर जातो असा जो समज आहे, तो अर्धवट खरा आहे. दुसऱ्या गिअरमधून ९००० फेऱ्यांवर तिसरा टाकला की इंजिन साडेसहा हजारांवर उतरते. तिथे क्लचला फक्त इंजिनाचा स्वतःचा फिरता भार आवरायचा असतो, सगळी गाडी ओढायची नसते. त्यात उष्णता पडते अंदाजे चार-पाच किलोज्यूल, म्हणजे रहदारीतल्या एका शांत सुरुवातीपेक्षाही कमी! जपानमधल्या सुझुका सर्किटचा ५.८ किलोमीटरचा एक फेरा मारताना वीस-पंचवीस वेळा गिअर बदलले, तरी सगळे मिळून एका झेपेएवढेच होते. अर्थात पेडल झटकन आणि पुरते सोडणारा चालक हवा. वळणापाठोपाठ ‘हाफ क्लच’वर पाय ठेवून गाडी सावरणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत क्लचच्या तेलाचा परतीचा प्रवाह मंद करणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याने झटका कमी होतो खरा, पण भराभर गिअर टाकणाऱ्याच्या हाती प्लेट थोडी जास्त घसरते.

टायरचाही यात वाटा आहे. मागची दोन चाके ओढणारी गाडी जोरात उचलली तर चाके जागेवर फिरतात आणि थोडा मार टायर खातात. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्ससारख्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत टायर सुटत नाहीत, मग सगळे क्लचच्याच माथी येते. काही जण यावर उपाय म्हणून पेडल एकदम सोडून देतात. त्याने प्लेट वाचते, पण धक्का जातो डिफरन्शियल आणि ॲक्सलमध्ये, आणि त्यांचे बिल क्लचपेक्षा मोठे असते.

दुसरे उदाहरण फेरारीचे. १९९७ साली या कंपनीने ३५५ गाडीत स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलण्याची सोय दिली. क्लच तोच, घासणारा. फक्त पेडलऐवजी यंत्र तो दाबते. या पद्धतीच्या गाड्यांचा क्लच सगळ्यात जास्त खाल्ला जातो तो चढावर मागे घेताना आणि पार्किंगमध्ये इंचाइंचाने सरकताना, कारण लोक तिला ऑटोमॅटिक समजून वागवितात. तिच्या पुढच्या ३६० आणि एफ ४३० या मॉडेलांत क्लच किती टक्के झिजला हे तपासणीच्या संगणकावर पाहता येते, आणि जाणता खरेदीदार त्या आकड्यावर भाव करतो. दुबई-शारजात जुन्या गाड्यांच्या कामात असलेल्या आपल्या मंडळींनी एक ध्यानात ठेवावे. नवा क्लच बसविताना सुरुवातीचे माप नीट भरलेले नसेल, तर ही टक्केवारी साफ चुकीची येते.

साध्या पेडलच्या गाडीला असा आकडा नसतो. तिथे मोकळ्या रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये ताशी साठ-सत्तरला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाच्या फेऱ्या भरकन वाढल्या आणि वेग मागे राहिला, तर प्लेट घसरते आहे. केबलच्या क्लचमध्ये झीज झाली की गाडी पेडल पुष्कळ वर आल्यावर उचलते. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये ती जागा फारशी हलत नाही, म्हणून नुसत्या पेडलवरून निदान करून गिऱ्हाईकाला खर्चात टाकू नये. उचलताना गाडी थरथरत असेल तर फ्लायव्हील तापून गेल्याचा संशय घ्यावा.

काम निघालेच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावे. मजुरी जाते ती गिअरबॉक्स उतरविण्यात, सामान एक लागो की तीन. फ्लायव्हीलवर निळे डाग वा बारीक चिरा असतील तर दुरुस्ती किंवा बदल टाळू नये. क्रँकचे मागचे ऑइल सील ओले आहे का तेही पाहावे, नाहीतर नवी लायनिंगही तेलाने वाया जाईल. आणि घरातली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये. जुन्या मालाच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची बारीक धूळ छातीत गेली तर वर्षांनी कर्करोगापर्यंत नेते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके वेगळ्या पिशवीत बांधावे.

नवा क्लच पहिले पाचशे ते आठशे किलोमीटर शांतपणे, शहरातल्या रहदारीत वापरायचा असतो, म्हणजे लायनिंग सर्व बाजूंनी बसते. हे बिलावरच लिहून द्यावे, आणि जुनी प्लेट डिकीत ठेवून गिऱ्हाईकाच्या स्वाधीन करावी.