वाक्य उलगडताना : दुसऱ्या भाषेच्या उंबरठ्यावर आपली मुले

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिले : 'द स्नेक वॉज किल्ड बाय द मंगूस.' कोणी कोणाला मारले, असे विचारताच बहुतेक मुले म्हणाली, 'सापाने मुंगसाला.' एका सहकाऱ्यांनी हे ऐकून निर्वाळा दिला, 'या मुलांना इंग्रजी जमायचे नाही.' तो निर्वाळा मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

मराठीत 'मुंगसाने सापाला मारले' म्हणा किंवा 'सापाला मुंगसाने मारले' म्हणा, अर्थ बदलत नाही. कर्ता 'ने' दाखवितो, कर्म 'ला' दाखवितो. इंग्रजीत हे काम मुख्यतः शब्दाचे स्थान करते. वरच्या वाक्यात ते 'वॉज' आणि 'बाय' या दोन लहान शब्दांकडे आहे. आपल्या मुलांची नजर नामाच्या शेवटी प्रत्यय शोधते. तो न सापडल्याने त्यांनी पहिल्या नामाला कर्ता मानले. हा बुद्धीचा दोष नव्हे. मातृभाषेने लावलेली ही सवय आहे.

ही अडचण केवळ आपली नाही. एलिझाबेथ बेट्स आणि ब्रायन मॅकव्हिनी या अमेरिकन मानसभाषाशास्त्रज्ञांनी असे मांडले की वाक्य समजताना मन अनेक खुणा ताडून पाहते : शब्दक्रम, प्रत्यय, सजीव-निर्जीव भेद. प्रत्येक भाषा यांपैकी वेगळ्या खुणेवर भर देते. 'पेन्सिलने गाईला मारले' अशा अर्थाचे विचित्र वाक्य इंग्रजीत ऐकविल्यास इंग्रजी भाषक शब्दक्रम पाहून पेन्सिललाच कर्ता ठरवितो. चिनी भाषेत नामाला विभक्ती नाही आणि बोलण्यात शब्दक्रमही बराच लवचीक असतो. म्हणून चिनी भाषक सजीव कोण ते पाहतो आणि गाय निवडतो. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेट्स, पिंग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की मोठेपणी इंग्रजी शिकलेले चिनी भाषक इंग्रजी वाक्यालाही हीच चिनी खूण लावतात. मोठेपणी चिनी शिकलेले इंग्रजी भाषकही आपला शब्दक्रम चिनीत नेतात. म्हणजे पहिली भाषा दुसरीत डोकावतेच, मग ती कोणाचीही असो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात नवल वाटत नाही. चौथ्या शतकातील चिनी भिक्षू ताओ-आन याने बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात मूळ ज्या पाच ठिकाणी सुटते ती नोंदविली. त्यांत पहिले ठिकाण शब्दक्रमाचे होते. भारतीय वाक्य चिनी माणसाला उलटे भासे. त्रिशरणातले 'गच्छामि' आपल्या मराठी क्रियापदाप्रमाणे शेवटी येते. चिनी त्रिशरणात क्रियापद बुद्धाच्या नावाआधी येते. महाराष्ट्रही पाहून गेलेला ह्युएन त्संग 645 मध्ये चीनला परतला आणि उरलेले आयुष्य त्याने भाषांतराला वाहिले. ते काम तो एकट्याने करीत नसे. सोबतच्या भिक्षूंपैकी कोणी लिहून घेई, कोणी अर्थ मुळाशी ताडून पाही, कोणी वाक्य चिनी वळणावर आणी. जे काम विद्वानांचा एक संघ वाटून घेई, ते आपण तेरा वर्षांच्या मुलाकडून एकट्याने, क्षणार्धात व्हावे अशी अपेक्षा करतो.

त्यातही आपल्या भंडारा जिल्ह्यातले मूल घरी झाडीबोली बोलते. त्याचे 'पानी' आणि 'डोरा' शाळेत 'पाणी' आणि 'डोळा' होतात. काही घरांत गोंडीही आहे. म्हणजे पुस्तकी मराठी हीच अनेकांची दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिच्याही पुढची. अशा मुलाला 'मठ्ठ' म्हणणे हा अन्याय आहे. या एका शब्दाने किती मुलांनी महाविद्यालयाचा पहिला वर्ग अर्ध्यावर सोडला, हे माजी विद्यार्थी जाणतात.

त्या दिवसानंतर मी वर्गात एक रीत पाळली. आधी क्रियापद शोधायचे, मग 'कोणी?' आणि 'कोणाला?' हे विचारायचे, तेच वाक्य मराठीत आणि घरच्या बोलीत सांगायचे, शेवटी इंग्रजी वाक्य तुकड्यातुकड्याने मोठ्याने वाचायचे. मुले चुकत, पण आपण का चुकलो हे त्यांना सांगता येऊ लागले.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून त्यांनी फारसी घेतली. पुढे त्यांनी 'मूकनायक' मराठीत काढले, मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले आणि पाली व्याकरण व शब्दकोशावरही परिश्रम घेतले. नवी भाषा स्वीकारताना त्यांनी आपल्या लोकांची भाषा टाकली नाही. पालकांनी इंग्रजीचा आग्रह अवश्य धरावा, पण घरची बोली लाज म्हणून लपवू नये. आणि माजी विद्यार्थ्यांनो, सुट्टीत वसतिगृहात याल तेव्हा एखाद्या मुलाजवळ बसून एक वाक्य त्याच्यासोबत सावकाश उलगडा. शाळेसाठी तेही मोठे दान आहे.