तालमीचे वीजबिल आणि छपरावरचे ऊन

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी स्थिर खर्च व बदलता खर्च यांतील भेद समजावून सांगितला, त्या दिवशी मी वहीच्या मागच्या पानावर आमच्या मंडळाचे वीजबिल मांडून पाहिले. मांजरीतले हे कबड्डीचे मंडळ तसे लहानच. पत्र्याच्या छपराची एक खोली, तिला अजूनही सगळे ‘तालीम’च म्हणतात, समोर मैदान आणि चार खांबांवर चार दिवे. हिशेबाची वही माझ्याकडे आली ती ‘कॉलेजात जाते, बेरजा तिलाच जमतील’ एवढ्याच कारणाने. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे कोणताही छापील कागद वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे येते, तसेच हेही आले.

वर्गणी कमी पडली की दिवे बंद करायचे, हा मंडळाचा जुना उपाय आहे. मैदानावर साडेसातपर्यंत मुलांची तुकडी खेळते, त्यानंतर मुलींची. म्हणजे काटकसर जेव्हा होते तेव्हा ती आमच्याच वेळेत होते. प्रस्तुत विषय मला अंधारातून सुचला, असे म्हणायला हरकत नाही.

बिलात पहिली रक्कम स्थिर आकाराची. एकही दिवा लावला नाही तरी ती भरावीच लागते. त्यानंतर युनिटांवर वीज आकार, वहन आकार, आणि वर शासनाचे वीज शुल्क. येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. महावितरणच्या दरपत्रकात क्रीडा क्लब, व्यायामशाळा, जलतरण तलाव यांची गणना घरगुती ग्राहकांत होत नाही. ती अनिवासी, म्हणजे व्यापारी वर्गात होते. शिक्षणसंस्थेच्या आवारातली, तिच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली व्यायामशाळा मात्र सार्वजनिक सेवेच्या वर्गात बसते. म्हणजे आपल्या कॉलेजच्या जिमखान्याला एक दर आणि वर्गणीवर चालणाऱ्या गावच्या तालमीला दुकानाचा दर! नियम करणाऱ्यांपुढे शहरातले मोठे क्लब असावेत, असे मला वाटते. असो.

पण याच नियमाची दुसरी बाजू अशी की, ज्याचे युनिट महाग त्याला स्वतःची वीज करणे अधिक परवडते.

सूर्यप्रकाशापासून वीज होते ती उष्णतेमुळे नव्हे, प्रकाशामुळे. प्रकाशाने सिलिकॉनच्या चकतीतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि प्रवाह वाहू लागतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये असा पहिला व्यवहारोपयोगी घट दाखविला, तेव्हा तो प्रकाशाच्या सुमारे ६ टक्केच वीज करी. आजची पॅनेल २० टक्क्यांच्या आसपास करतात. उष्णता तर उलट आड येते. पॅनेल तापले की उत्पादन घटते. म्हणून पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतकी उंची ठेवावी लागते.

खेळाच्या क्षेत्रातले आपल्या राज्यातील ठळक उदाहरण मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. १९३७ सालच्या त्यांच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर टाटा पॉवर कंपनीने २०१९ मध्ये ८२०.८ किलोवॅटचा संच शंभर दिवसांत उभा केला. वर्षाला ११ लाख २० हजारांहून अधिक युनिटे निघतील आणि वीजखर्च २५ टक्क्यांपर्यंत वाचेल, असे तेव्हा जाहीर झाले. बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर ४०० किलोवॅटचा संच त्याआधी, २०१५ मध्येच बसला होता.

आता कोणी म्हणेल, कुठे ब्रेबॉर्न आणि कुठे मांजरीचे पत्र्याचे छप्पर! परंतु भागाकाराला लहानमोठे कळत नाही. ११,२०,००० ला ८२०.८ ने भागले की एका किलोवॅटला वर्षाकाठी सुमारे १,३६५ युनिटे येतात. म्हणजे महिन्याला सरासरी ११४. एका किलोवॅटला जागा लागते शंभर चौरस फुटांच्या आसपास. आमचे छप्पर त्याहून कितीतरी मोठे आहे.

लागणाऱ्या विजेचा अंदाज असा. चारशे वॅटचे चार जुने दिवे रोज तीन तास लावले तर ४.८ युनिटे होतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १२०. पाण्याची एक अश्वशक्तीची मोटर रोज तासभर चालली तर महिन्याला साधारण १९. खोलीतले चार पंखे तीन तास फिरले तर सुमारे २२. बेरीज १६१. एवढ्यासाठी दीड किलोवॅट हवे. पण चार दिवे बदलून दीडशे वॅटचे एलईडी लावले, तर दिव्यांची १२० युनिटे ४५ वर येतात आणि एकूण बेरीज ८६ वर. मग एक किलोवॅट पुरून उरतो. म्हणून माझे मत असे की आधी खांबावर चढावे, छपरावर नंतर. एका किलोवॅटला साठ हजार खर्च आणि युनिटाला सर्व आकार धरून बारा रुपये मानले, तर वर्षाला बारा हजारांवर बचत होऊन पाचेक वर्षांत पैसे फिटतात. पॅनेल पंचवीस वर्षे टिकतात. स्थिर आकार तेवढा सुटत नाही.

मंडळाच्या बैठकीत एका काकांनी विचारले, “अगं, ऊन दिवसा आणि खेळ रात्री, मग तुझी वीज काय हंड्यात भरून ठेवायची?” प्रश्न अगदी रास्त होता. बॅटरी घेतली तर खर्च फार वाढतो. त्याऐवजी नेट मीटर असतो. दिवसा जास्तीची वीज तारेतून बाहेर जाते, रात्री आपण तारेतून घेतो, आणि दोहोंची वजाबाकी बिलात होते. कोणत्या तासाची वीज कोणत्या तासाशी वळती करायची, याचे नियम मात्र बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वेळी चालू असलेला आदेश वाचलाच पाहिजे. काकांना मी पोस्टातल्या खात्याचा दाखला दिला; तो त्यांना पटला.

पावसाळ्यात ढगांमुळे वीज कमी होते, हे खरे. पण चिखलात आमचे मैदानही बंदच असते.

मला खरी काळजी सावलीची वाटते. पॅनेलमधील घट एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली पडली तरी साऱ्या ओळीचा प्रवाह खुंटतो. आमच्या दक्षिणेला अजून मोकळे रान आहे, पण मांजरीत उसाच्या रानात इमारती उभ्या राहायला वेळ लागत नाही. आज उन्हात असलेले छप्पर उद्या दहा मजल्यांच्या सावलीत गेले तर पंचवीस वर्षांचा हिशेब कोणी पुरा करायचा?

अनुदानाबाबतही निराशाच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपये मिळतात; गृहनिर्माण संस्थांनाही साहाय्य आहे. तालीम मात्र घर नव्हे. तेव्हा रक्कम वर्गणीतून उभी करावी लागेल. गणपतीच्या दहा दिवसांतल्या रोषणाईतून थोडे वळवावे, असे मी बैठकीत सुचवले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

त्याआधी कागदपत्रे आहेतच. अर्ज वीजग्राहकाच्याच नावाने करावा लागतो आणि संच मंजूर भारापेक्षा मोठा चालत नाही. आमचा मीटर दिवंगत झालेल्या एका कार्यकर्त्यांच्या नावावर आहे. शिवाय जून २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले, त्यामुळे जी जागा पूर्वी ग्रामपंचायतीची समजली जाई, तिच्या छपरासाठी आता महापालिकेची परवानगी मागावी लागेल. नावबदलाचा अर्ज मी लिहून दिला आहे, त्यावर अध्यक्षांची सही झाली आहे. चार एलईडी दिव्यांपैकी दोन या दिवाळीत घ्यायचे ठरले, आणि ते मुलींच्या वेळेतही चालू राहतील असे इतिवृत्तात नोंदवून घेतले आहे.