परीक्षा कुणाची, हुकूम कुणाचा?

प्रश्न : आमची मुलगी 2020 साली महाडला टी.वाय.बी.कॉम.ला होती. जूनमध्ये निसर्ग वादळ झालं, घरांचे पत्रे उडाले, वीज गेली ती लवकर आलीच नाही. त्यातच राज्य सरकारने शेवटच्या वर्षाची परीक्षा होणार नाही म्हणून जाहीर केलं. आम्हाला हायसं वाटलं. मग दिल्लीहून युजीसीचं पत्र आलं आणि पोरीला ऑक्टोबरात मोबाइलवर परीक्षा द्यावी लागली, तीही घाटात मिळेल तेवढ्या रेंजवर. पदवीवर सही मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंची, प्राध्यापकांचा पगार राज्य सरकारचा, मग हुकूम दिल्लीचा कसा चालतो? या सगळ्यांत मोठं कोण?
– एक वाचक, कशेडी

उत्तर : मोठं कुणीच नाही. घटनेने हिस्से वाटून दिले आहेत, पण बांध नेमका कुठून जातो यावरून भाऊबंदकी चालू आहे.

विद्यापीठ स्थापन करणं हा राज्याचा अधिकार. राज्यसूचीतली 32 वी नोंद तसं सांगते. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं आणि त्यात मेळ राखणं हे मात्र केंद्राकडे, केंद्रसूचीच्या 66 व्या नोंदीत. बाकीचं शिक्षण 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीपर्यंत राज्याचं होतं, त्यानंतर ते दोघांचं झालं. 66 व्या नोंदीच्या आधारावर संसदेने 1956 साली विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे युजीसीचा, कायदा केला. आता परीक्षा घ्यायची की नाही हे दर्जात मोडतं का? मास्तर कोण नेमायचा? कुलगुरू कुणी निवडायचा? सगळी भांडणं या प्रश्नांवरची आहेत.

या गोष्टीचं एक टोक आपल्याच मुलखात आहे. आयोगाचा कायदा झाला त्याच वर्षी जुलैत चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपद सोडलं आणि नंतर ते या आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांचा जन्म महाड तालुक्यातल्या नाते गावचा, 1896 चा. आयोग 1953 पासून होता, शांतिस्वरूप भटनागर पहिले अध्यक्ष होते. पण कायद्याने उभ्या राहिलेल्या आयोगाची घडी बसवली ती देशमुखांनी, 1961 पर्यंत. लगेच पुढच्या वर्षी ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विद्यापीठांना अनुदान देणारा माणूस आता स्वतः आयोगाकडे अनुदान मागणार होता. आजच्या अधिकाऱ्यांपैकी किती जणांनी या दोन्ही खुर्च्या अनुभवल्या असतील, असं मनात येतं.

आयोगाच्या कायद्यात सावधपणा दिसतो. अध्यक्ष केंद्राचा किंवा राज्याचा अधिकारी असता कामा नये, आणि सदस्यांत किमान चार विद्यापीठांतले अध्यापक हवेत. पण नेमणुका सगळ्या केंद्र सरकारच्याच. शिवाय कलम 20 आहे : धोरणाच्या बाबतीत केंद्र सरकार देईल तो निर्देश आयोगाने पाळायचा, आणि एखादी बाब धोरणाची आहे की नाही असा वाद झाला तर अखेरचा शब्दही केंद्राचाच. हे कलम कागदावर पडून राहिलेलं नाही. जुन्या पीएच.डी.धारकांना प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेतून सूट द्यावी असं आयोगाचं मत होतं, मंत्रालयाने नाही म्हटलं, आणि 2015 साली पी. सुशीला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंत्रालयाचं म्हणणं उचलून धरलं. आपण ज्याला दिल्लीचा हुकूम म्हणता, तो देणाऱ्या आयोगालाही वरून हुकूम येतो.

हे काही स्वतंत्र भारताचंच दुखणं नव्हे. कर्झनने 1904 साली विद्यापीठ कायदा करून सिनेटवर सरकारी नेमणुकांची पकड बसवली, तेव्हा कौन्सिलात विरोधाला उभे राहिले गोपाळ कृष्ण गोखले, घाटापलीकडच्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. त्या कायद्याखाली मुंबई विद्यापीठात झालेल्या नेमणुकांना मुंबईच्या हायकोर्टात आव्हान मिळालं, तर सरकारने 1905 साली दुसरा कायदा आणून त्या वैध करून घेतल्या.

आता आपल्या मुलीची परीक्षा. 3 जूनला वादळ आलं. 19 जूनला राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचा निर्णय केला. कुलपती म्हणजे राज्यपाल. त्यांना तो मान्य नव्हता आणि ते त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्राने कळवलंही होतं. 6 जुलैला आयोगाने सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या : अंतिम वर्षाची परीक्षा 30 सप्टेंबरपर्यंत झालीच पाहिजे. युवासेना आणि काही विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. 28 ऑगस्टला निकाल लागला. राज्याला साथीच्या काळात आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली परीक्षा पुढे ढकलता येते, पण परीक्षा न घेताच विद्यार्थ्यांना पास करून पदवी देता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. मुदत हवी असेल तर आयोगाकडे मागा. राज्याने मुदत मागितली. ऑक्टोबरात घरबसल्या बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा झाली.

माझं मत विचाराल तर कायद्याच्या बाजूने न्यायालय बरोबर होतं. परीक्षेशिवाय दिलेल्या पदवीला मुंबईबाहेर कुणी विचारलं नसतं, आणि त्याचा फटका आपल्या मुलीलाच बसला असता. पण आयोगाने तारीख ठरवताना विजेचे खांब आडवे झालेला रायगड जिल्हा विचारात घेतला होता का? एका तारखेत सगळा देश बसवायचा ही या कारभाराची जुनी खोड आहे. मुदतवाढीची वाट होती, ती उघडायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे नामुष्कीचं आहे. आणि राज्य सरकारही स्वच्छ नाही. परीक्षा रद्द करणं आपल्या हातात आहे का, हे तपासण्याआधीच घोषणा करून आपल्यासारख्या पालकांना चार महिने टांगून ठेवलं.

याहून जास्त भोगलं ते ग्रामीण कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी. आयोगाने 19 सप्टेंबर 1991 पासून प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा राज्याची सेट परीक्षा सक्तीची केली. महाराष्ट्राची स्वतःची सेट परीक्षाच सुरू झाली 1995 साली. तोवर कोकणातल्या, मराठवाड्यातल्या कॉलेजांनी वर्ग बंद ठेवायचे का? त्यांनी जाहिराती दिल्या, मिळाले ते एम.ए., एम.कॉम. झालेले उमेदवार घेतले, विद्यापीठांनी मान्यता दिल्या. 1991 ते 2000 मध्ये लागलेली ही माणसं. विद्यापीठाच्या लेखी रीतसर प्राध्यापक, आयोगाच्या लेखी अपात्र, आणि पगार देणाऱ्या राज्याने त्यांची सेवा पदोन्नतीला धरायचं नाकारलं. 2013 साली प्राध्यापक संघटनांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, त्यात पगाराच्या थकबाकीबरोबर ही सेवा धरण्याचीही मागणी होती. जवळपास तीन महिने पेपर तपासणी आणि निकाल अडकले. शेवटी 27 जून 2013 च्या शासन निर्णयाने लाभ दिला, पण त्या तारखेपासून पुढे. मागची वर्षं कोर्टाच्या फेऱ्यांत गेली. तीन मालकांपैकी एकाचाही पगार त्यात कापला गेला नाही.

पैशाचं गणितही सांगून टाकतो, कारण त्यावाचून हा ताण कळत नाही. सहाव्या वेतन आयोगाच्या वाढीव बोज्यापैकी 80 टक्के केंद्राने उचलले, पण 2010 च्या मार्चपर्यंतच. पुढचा सगळा भार राज्यावर. विकासाचा निधीही आता बराचसा रूसा आणि नंतरच्या पीएम-उषा योजनेतून, राज्यामार्फत येतो. म्हणजे आयोगाच्या हातातली थैली हलकी झाली, नियमांची वही मात्र जाड होत गेली. देशमुखांच्या काळी आयोगाचं ऐकलं जाई कारण तो देई. आज ऐकावं लागतं कारण कायद्याच्या 2(एफ) आणि 12(बी) कलमांखालच्या, म्हणजे मान्यतेच्या आणि अनुदानपात्रतेच्या, यादीतून नाव जाईल ही भीती.

कुलगुरूंच्या निवडीत तर उघड ओढाताण आहे. डिसेंबर 2021 मध्ये आपल्या विधिमंडळाने राज्यपालांचे अधिकार कमी करणारं आणि उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करणारं विधेयक मंजूर केलं. त्यावर सही झाली नाही आणि पुढच्या सरकारने ते मागे घेतलं. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरात आणि केरळमधल्या कुलगुरूंच्या नेमणुका आयोगाच्या नियमात बसत नाहीत म्हणून रद्द केल्या, तेव्हा सगळ्या राज्यांना जाग आली. जानेवारी 2025 मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा आणला : शोध समितीत कुलपतींचा, आयोगाचा आणि विद्यापीठाचा असे तीन प्रतिनिधी, राज्य सरकारचा एकही नाही. तामिळनाडू, केरळ, कर्नाटक यांनी कडाडून विरोध केला. इथे मी राज्यांच्या बाजूचा आहे. पगार ज्याने द्यायचा त्याला निवडीच्या खोलीबाहेर उभं करणं हा दर्जा राखण्याचा उपाय नव्हे. मात्र मंत्र्यालाच प्र-कुलपती करणं हेही औषध म्हणून मला पटत नाही.

लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याला जवळचं, म्हणून एक जोड. अभियांत्रिकीसाठी आयोगाखेरीज एआयसीटीई ही दुसरी नियामक संस्था आहे. विद्यापीठाला स्वतःच्या आवारात नवा तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करायला तिची आधी परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात ठरवलं. संलग्न खासगी कॉलेजाला ती सूट नाही. प्रवेश घेताना हा फरक लक्षात ठेवावा.

आणि नियामकाची गरजच काय, असंही कुणी म्हणू नये. छत्तीसगडने 2002 च्या कायद्याने खासगी विद्यापीठांची खिरापत वाटली. बऱ्याच ठिकाणी इमारत नाही, मास्तर नाहीत. प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ती विद्यापीठं रद्द केली, तेही 66 व्या नोंदीचाच आधार घेऊन.

आता कामाचं. गुणपत्रिका, निकाल, पुनर्मूल्यांकन यासाठी मुंबई विद्यापीठ. घाटाच्या अलीकडचा रायगड असो की पलीकडची रत्नागिरी, दोन्हीकडे तेच. कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतील तर पनवेलला उच्च शिक्षण सहसंचालकांचं कोकण विभागाचं कार्यालय आहे, तिथे लेखी अर्ज द्यावा. कॉलेजाने तक्रार ऐकली नाही तर आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यापीठाने लोकपाल नेमलेला असायला हवा, त्यांच्याकडे जावं. रॅगिंग, प्रवेश रद्द केल्यावर अडवलेली फी, किंवा एखादं विद्यापीठ खरं की बोगस ही शंका असेल, तेव्हा थेट युजीसीकडे. बोगस विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो. फी भरण्याआधी ती बघून घ्यावी.